टेंभुर्णीस थांबणाऱ्यांनी काय जेवावे

प्रवासात उपाशी राहिल्याचे दुःख माणूस लवकर विसरतो. परंतु पोटात भूक असताना, नीटनेटक्या मेजापाशी बसून, अर्धा तास वाट पाहून आणि वर भरपूर पैसे मोजून जे पान पुढे आले ते निःसत्त्व निघाले, तर त्याची रुखरुख पुढल्या मुक्कामापर्यंत पुरते. पुणे-सोलापूर हमरस्त्यावर टेंभुर्णीच्या नाक्याशी ही रुखरुख घेऊन गाडीत परत बसणारी कुटुंबे रोज दिसतात. कोणी पंढरपूरला दर्शनासाठी निघालेले असतात, कोणी तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर करून परतत असतात, कोणी सोलापुरास लग्नाला निघालेले असतात. आणि सर्वांची तक्रार जवळजवळ एकच असते, की जेवण अगदी वाईट होते असे नव्हे, पण पुण्यात जे खातो तेच येथे थोडे अधिक तेलकट करून मिळाले. या तक्रारीचे मूळ कशात आहे आणि तिचा परिहार प्रवाशाला स्वतःच्या बुद्धीने कसा करता येईल, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

टेंभुर्णी हे माढा तालुक्यातील गाव. पुण्याहून आलेला प्रवासी इंदापूर मागे टाकून उजनी धरणाच्या खालच्या अंगाने भीमा ओलांडतो आणि थोड्याच वेळात या नाक्यावर येतो. येथून करकंबमार्गे पंढरपूर, तसेच कुर्डुवाडी-बार्शी, अकलूज आणि करमाळा अशा दिशांना रस्ते फुटतात. सबब येथे जेवणाऱ्यांचे सरळ दोन वर्ग पडतात. एक वर्ग वर्षातून एकदा येणाऱ्यांचा, जे जेवून उठले की पुन्हा कधी येतील याची शाश्वती नाही. दुसरा वर्ग रोज येणाऱ्यांचा: औद्योगिक वसाहतीतील कामगार, उसाच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर असलेले ट्रॅक्टरचालक, केळीच्या गाड्या भरून देणारे व्यापारी आणि त्यांचे हमाल, कचेरीच्या कामाला निघालेले शेतकरी. पहिल्या वर्गाला खूश ठेवण्याकरिता दर्शनी भागात रोषणाई, मुलांसाठी झोपाळे आणि जाडजूड मेनूकार्ड एवढे पुरते. दुसऱ्या वर्गाला असल्या गोष्टींचे काही नसते. आमटी एक दिवस पाणचट झाली तर तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या खानावळीत जाऊन बसतो आणि चौघांना त्याची कारणेही सांगतो. ज्या गल्ल्याला या दुसऱ्या वर्गाचे भय आहे तेथे जेवावे, हा या लेखाचा सारा सिद्धान्त होय, आणि पुढील मजकूर केवळ ते ठिकाण ओळखावे कसे याच्या तपशिलाचा आहे.

प्रथम मेनूकार्डाचा विचार करू, कारण फसगतीचा आरंभ तेथूनच होतो. त्यावर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन अशी प्रकरणे असून एकेका प्रकरणात वीस-वीस, तीस-तीस जिन्नस नोंदलेले असतात. एवढे पदार्थ एका लहानशा भटारखान्यात तीन-चार माणसे कशी सिद्ध करीत असतील, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः रहस्य सोपे आहे. सकाळी वस्ताद मोठाल्या पातेल्यांतून तीन रस करून ठेवतो: कांदा-टोमॅटोचा लाल, हळदीवर परतलेल्या कांद्याचा पिवळा आणि मगजबी, काजू इत्यादी वाटून केलेला पांढरा. पुढे मागणी येईल तशी एका कढईत या रसांची कमीअधिक सरमिसळ होते, तीत पनीर, काजू किंवा उकडून ठेवलेल्या भाज्या पडतात, वरून क्रीमची एक रेघ ओढली जाते, आणि पनीर अंगारा, पनीर तुफानी, व्हेज मराठा, काजू करी, तसेच खुद्द कोल्हापुरातील घरांना ज्याचा पत्ता नाही ते व्हेज कोल्हापुरी, अशी निरनिराळी नावे धारण करून तोच ऐवज निरनिराळ्या मेजांवर जातो. यात बेकायदा काही नाही आणि गर्दीच्या वेळी शंभर माणसांना पंधरा मिनिटांत वाढावयाचे तर अशी काही तजवीज करावीच लागते. मात्र चौघांच्या कुटुंबाने चार वेगळ्या भाज्या मागवून चवीत फरक का नाही म्हणून विषण्ण होण्यात अर्थ नसतो.

पनीराविषयी एक सूचना येथेच केलेली बरी. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घालून केलेला, दिसण्यात पनीरासारखा पण पनीर नसलेला एक पदार्थ बाजारात स्वस्त मिळतो, आणि अन्न सुरक्षेच्या नियमांनुसार तो पनीर म्हणून विकता येत नाही; तथापि रश्श्यात बुडालेल्या तुकड्याची शहानिशा जेवणाऱ्याला करता येणे कठीण. ज्या मुलखात ज्वारी, शेंगा आणि वांगी दारात पिकतात तेथे पनीराची एवढी मिजास कशाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंजाबी पदार्थांवर माझा रोष आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या कष्टाळू पंजाबी मंडळींनी दिल्लीत तंदूर पेटवले, दर्यागंजात १९४७ साली मोती महल सुरू झाले, लोणी-टोमॅटोच्या रश्श्यातील कोंबडी तेथून देशभर गेली, आणि मालमोटारींच्या मार्गांवर पंजाबी चालकांसाठी निघालेल्या धाब्यांनी जाड डाळ आणि तंदुरी रोटी यांची ओळख सर्व हिंदुस्थानला करून दिली. ते अन्न आपल्या जागी उत्तमच होते, कारण जेवणाराही त्याच मुलखाचा असून त्याला चव ठाऊक होती. नाव तेवढे पंजाबी, वस्ताद भलतीकडचा, मसाला पुडीतला आणि जेवणारा पुण्याचा, अशी अवस्था झाली म्हणजे चवीला जाब विचारणारा कोणी उरत नाही.

ही व्याधी केवळ आपल्याच हमरस्त्यांची आहे असेही नाही. अलीकडे आपल्याकडील पुष्कळ मराठी कुटुंबे सहलीसाठी ग्रीसपर्यंत जातात, किंवा मुले परदेशी असल्यामुळे तेथील ग्रीक उपाहारगृहांत जेवतात, आणि परतल्यावर त्यांच्या बोलण्यात तोच निराशेचा सूर ऐकू येतो. अथेन्समध्ये आक्रोपोलिसच्या पायथ्याशी प्लाका नावाची जुनी वस्ती आहे. तेथील अरुंद गल्ल्यांतून दारात उभे राहून गिऱ्हाइकाला हाका मारणारे नोकर, पदार्थांची रंगीत चित्रे छापलेले फलक आणि सर्वत्र तोच मुसाका पाहिला, म्हणजे टेंभुर्णीच्या माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. मुसाका म्हणजे वांगी आणि खिमा यांचे थर, आणि त्यांवर दूध-मैद्याच्या पांढऱ्या सॉसचा जाड लेप. हा लेप जुन्या ग्रीक घराचा नव्हे; फ्रेंच पाककलेने भारावलेल्या निकोलाओस त्सेलेमेन्तेस या पाकशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तो रूढ केला असे मानले जाते. पुढे तोच सर्व ग्रीसचा प्रतिनिधी ठरून जगभरच्या ग्रीक उपाहारगृहांत, पुष्कळदा सकाळी करून दुपारी पुन्हा गरम केलेला, असा विकला जाऊ लागला.

उपायही तेथे तोच आहे जो येथे सांगावयाचा आहे. ग्रीक कामकरी माणसाची खानावळ निराळी असते. तिला मायिरिओ म्हणतात. तेथे सकाळी शिजविलेल्या पदार्थांची पातेली काचेमागे मांडलेली असतात आणि गिऱ्हाइकाने ती डोळ्यांनी पाहून बोट दाखवावे असाच शिरस्ता आहे. शाकाहारी मराठी प्रवाशाने तर एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी, की ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मपरंपरेत उपासाचे दिवस वर्षाकाठी अर्ध्याच्या आसपास भरतात. ईस्टरपूर्वीचे आणि नाताळापूर्वीचे चाळीस-चाळीस दिवस, ऑगस्टचा पहिला पंधरवडा, शिवाय बहुतेक बुधवार आणि शुक्रवार. या दिवशी मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असल्यामुळे उपासाचे म्हणून जे अन्न मिळते, ज्याला ते निस्तीसिमा म्हणतात, ते आपल्या दृष्टीने शुद्ध शाकाहारी निघते. फक्त कालवे, कोळंबी यांना तेथे मुभा आहे, तेवढी चौकशी करून घ्यावी. ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर शिजविलेल्या भेंड्या, घेवडे आणि वांगी, किंवा सान्तोरिनी बेटावरची फावा नावाची पिवळ्या डाळीची पेज, जिची डाळ आपल्या लाखेच्या कुळातली आहे आणि जी कच्च्या कांद्यासह वाढली जाते, ती ज्याने खाल्ली त्याला पिठल्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

जाता जाता सांगावयास हरकत नाही, की यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, आणि आमच्या या मुलखाचा संबंध सहलींमुळे नव्याने जुळलेला नाही. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका सागरी प्रवासाच्या पोथीत तगर नगरीचा उल्लेख आहे. तेथील जाडेभरडे कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे, आणि त्या बंदरात उतरणाऱ्या मालात मद्याचाही समावेश होता. ते तगर म्हणजे आजचे तेर, धाराशिव जिल्ह्यातले, बार्शीच्या पलीकडचे. संत गोरोबाकाकांचे गाव. तेथील सरकारी वस्तुसंग्रहालयात त्या व्यापाराची साक्ष देणाऱ्या वस्तू मांडलेल्या आहेत, आणि टेंभुर्णीहून बार्शीच्या रस्त्याने जाणाऱ्याने वाट थोडी वाकडी करून त्या पाहाव्यात.

आता नाक्यावर परत येऊ. जेवणाचे ठिकाण निवडताना पाटीकडे न पाहता प्रथम अंगणात उभ्या असलेल्या वाहनांच्या क्रमांकाकडे पाहावे. एमएच १२ आणि एमएच १४ या पुणे-पिंपरीच्या गाड्यांची रांग लागली असेल, तर तेथील गिऱ्हाईक बहुतांशी वाटसरू आहे असे समजावे. एमएच ४५, म्हणजे अकलूजच्या परिवहन कचेरीची नोंद असलेली वाहने, किंवा सोलापूरची एमएच १३, त्यांतही दुचाक्या, मालाच्या टेम्पोगाड्या आणि एखादा ट्रॅक्टर उभा दिसला, तर तेथे स्थानिक माणूस स्वतःच्या पैशाने जेवतो आहे याची खातरजमा झाली. एसटीच्या किंवा खाजगी बसच्या थांब्यावरून मात्र काही अनुमान काढू नये, कारण तो थांबा प्रवाशांनी निवडलेला नसतो. एसटी महामंडळाने आपल्या अधिकृत थांब्यांवर तीस रुपयांत चहा-नाश्त्याची सवलत ठेवलेली आहे, तेवढा लाभ जरूर घ्यावा. पण पोटभर जेवणासाठी बसच्या घाईचा वीस मिनिटांचा अवकाश अपुराच पडतो, आणि तेव्हा चहा-केळ्यांवर भागवून पुढे जाणे हेच शहाणपणाचे.

दुसरी खूण वेळेची. स्थानिक माणूस दुपारी साडेबारा ते दोन आणि रात्री साडेसात ते साडेनऊ या वेळात जेवतो, आणि भाजी, आमटी त्या हिशेबाने सकाळी व संध्याकाळी होते. दुपारी चारला जाऊन ताज्या भरल्या वांग्याची अपेक्षा करणे हा खानावळीवर अन्याय आहे. अशा अवेळी पिठले सांगावे, कारण ते मागणीनंतर दहा मिनिटांत होते आणि शिळे असेल तर थिजलेल्या सायीवरून तत्काळ उघडे पडते.

बसल्यावर पहिला प्रश्न “काय काय मिळेल?” असा विचारू नये, कारण त्याचे उत्तर म्हणून वेटर मेनूकार्डच पाठ म्हणून दाखवील. “दादा, आज काय केलंय?” असे विचारावे. या प्रश्नाला “आज वांगं हाय, मटकी हाय, आन् आमटी” असे दोन-तीन नावांचे ठाम उत्तर आले, तर निश्चिंत व्हावे. “सगळं हाय साहेब, बोला की” असे उत्तर आले, तर पाणी पिऊन सभ्यपणे उठावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पुढचे हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर असते.

भटारखान्यात डोकावण्याची परवानगी मागावी, आणि तेथे पाहावयाची गोष्ट एकच: भाकरी. या जिल्ह्याची सारी प्रतिष्ठा ज्या धान्यावर उभी आहे त्या रब्बी ज्वारीचा मालदांडी हा वाण. त्यातील निवड पद्धतीने काढलेला मालदांडी ३५-१ हा वाण याच हमरस्त्यावरील मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात सिद्ध झाला, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढे धान्य दारात असताना त्याची भाकरी मात्र पुष्कळ हॉटेलांतून सकाळीच थापून, फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते. खरी भाकरी कशी होते ते उभे राहून पाहावे. मावशी परातीत एका भाकरीपुरतेच पीठ घेते, कढत पाणी घालते आणि तळहाताच्या बुंध्याने ते इतके मळते की कडांना चिरा पडू नयेत. मग उंडा परातीत ठेवून बोटांच्या हलक्या थापांनी तो वाढवीत नेते, आणि भाकरी आपोआप गोल फिरत राहते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते; तिच्यावर ओल्या हाताने पाणी फिरवावयाचे, ते सुकले न सुकले तोच उलटावयाची, आणि शेवटी तवा बाजूला सारून ती जाळाशी उभी करावयाची, की पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते. पीठ दळून फार दिवस झाले असतील तर त्याची विरी जाते, भाकरी थापताना मोडते, आणि मग ती सांधण्यासाठी काही ठिकाणी गव्हाचे पीठ मिसळण्याची युक्ती योजतात; अशी भाकरी चिवट होते आणि दुमडली तरी तुटत नाही. ज्वारीची भाकरी मोडली पाहिजे, वाकता कामा नये.

म्हणून क्रम असा ठेवावा, की आधी भाकऱ्या सांगाव्यात, “मावशी, एकेकच गरम येऊ द्या” अशी विनंती करावी, आणि मग हात धुवायला जावे. चार माणसांच्या आठ भाकऱ्या एकदम मेजावर मागविणारा शेवटच्या चार गारच खातो.

भाकरीसोबत येणाऱ्या शेंगाचटणीवरून खानावळीची सचोटी कळते. सोलापूरकडील शेंगाचटणी भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ उखळात कुटून करतात, आणि कुटता कुटता दाण्याचे तेल सुटून ती गडद तांबडी, किंचित चिकट आणि गोळा होण्याजोगी बनते. मिक्सरमधून काढलेली चटणी भुकटीसारखी कोरडी राहते आणि लसणाचा वास तिला अंगचा न होता वरवरचा येतो. चांगली चटणी पानात पडली, तिच्यावर दह्याचा गोळा घातला आणि गरम भाकरी हाती आली, तर बाकीच्या भाज्यांची फारशी चिंता करण्याचे कारण उरत नाही. भरले वांगे, काळ्या मसाल्याची आमटी, शेपू किंवा अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा, करमाळ्याकडे थोरवी असलेली शिपी आमटी, यांपैकी जे त्या दिवशी केलेले असेल ते आनंदाने घ्यावे. तिखटाचे भय वाटत असेल तर रस्सा वेगळ्या वाटीत मागावा. मुलांसाठी दूध-भाकरी किंवा तूप-गूळ-भाकरी मागितली तर मावशी मेनूकार्ड न पाहता करून देते. अमर्याद थाळीच्या वाटेस सहसा जाऊ नये. तिच्यात वाट्या बारा असतात आणि लक्षात राहण्यासारखी एक नसते.

मांसाहार करणाऱ्यांनी वार पाहूनच मटण सांगावे. या भागात सोमवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशी पाळणारे लोक पुष्कळ आहेत, आणि रविवार, बुधवार, शुक्रवार हे मटणाचे वार मानले जातात. सबब या तीन दिवशी बकरे ताजे पडते आणि खप असल्यामुळे सायंकाळपर्यंत पातेले रिकामे होते. सोमवारी जे मटण मिळते ते रविवारचे नव्हे ना, याची विचारपूस केलेली बरी. मटणासोबत अळणी, म्हणजे तिखट पडण्यापूर्वीचा हळद-मिठाचा रस्सा, मिळतो का ते अवश्य विचारावे. अळणी असेल तर मटण तेथेच शिजले याचा तो पुरावा असतो, कारण तयार ग्रेव्हीत तुकडे सोडणाऱ्याकडे तो असूच शकत नाही. भाकरी रश्श्यात कुस्करून खाण्याची येथील रीत आहे आणि तसे जेवताना पाहुण्यांनी संकोच करू नये.

उजनी धरण १९८० साली पुरे झाले, भीमेच्या पाण्याचा विस्तीर्ण फुगवटा तयार झाला आणि त्यासोबत गोड्या पाण्यातील मासळीचा व्यवसाय उभा राहिला. भिगवणपासून टेंभुर्णीपर्यंत चिलापी, रोहू, कटला, मरळ आणि वांब यांच्या पाट्या दिसतात. चिलापी स्वस्त, काटे थोडे आणि तळून उत्तम लागणारी; मरळ महाग, पण रश्श्यासाठी तिच्या तोडीची दुसरी नाही. मासा कापण्यापूर्वी दाखवावा असा आग्रह धरावा: कल्ले लालभडक, डोळे उठावदार आणि अंग दाबले असता खळगा न राहणारे असावे. सुरमई आणि पापलेट यांची नावे जर त्याच फलकावर दिसली, तर समुद्र येथून किती दूर आहे याचा क्षणभर विचार करावा.

एकादशीला, विशेषतः आषाढी-कार्तिकीच्या आगेमागे, या नाक्यावरून पंढरपूरकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते आणि बहुतेक हॉटेले उपासाचे पदार्थ करतात. साबुदाण्याची खिचडी अशा गर्दीत मोठ्या परातीत गार होऊन गोळा बनते. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी मागावी. ती पातेल्यात उकळत राहते, पोटाला हलकी पडते, आणि उपास नसलेल्यांनी खाल्ली तरी कोणी हरकत घेत नाही. थंडीत, पौष-माघाच्या सुमारास येणाऱ्यांनी हॉटेलाचा नादच सोडून रस्त्यालगतच्या शेतात हुरड्याची आगटी कोठे पेटली आहे ते विचारावे. निखाऱ्यांत भाजलेली गुळभेंडी ज्वारीची कणसे तळहातावर चोळून, सोबत शेंगाचटणी, गूळ आणि दही यांसह खाणे हे या जिल्ह्यातले सर्वोत्तम जेवण आहे आणि ते कोणत्याही मेनूकार्डावर नाही.

आणि काहीच मनाजोगते सापडले नाही तर? सोलापूरहून परतणाऱ्याने तेथूनच तीळ लावलेल्या कडक भाकरीचे पुडके आणि शेंगाचटणी घेऊन गाडीत ठेवावी. ही भाकरी बरेच दिवस टिकते. पुण्याहून येणाऱ्याने येथे केळी घ्यावीत, कारण टेंभुर्णी-कंदर पट्ट्यातील केळी परदेशी जाते आणि तिच्यातलीच नाक्यावर मिळते. दही आणि कांदा कोठेही मागावा. एवढ्या शिदोरीवर झाडाखाली केलेले जेवण तीन रंगांच्या ग्रेव्हीपेक्षा कैक पटींनी बरे.

पान खरोखरच खराब निघाले, भाजीला आंबूस वास आला किंवा भाकरी शिळी असली, तर मुकाट्याने पैसे देऊन बाहेर पडणे आणि पुढे गावोगाव निंदा करणे, या दोन्ही गोष्टी निरुपयोगी आहेत. दोन घास खाल्ल्याबरोबर वेटरशी हुज्जत न घालता सरळ गल्ल्यावर बसलेल्या मालकाला बोलवावे आणि शांतपणे दाखवावे. बहुतेक मालक पदार्थ बदलून देतात, कारण शेजारच्या मेजावरील मंडळी ऐकत असतात. बिलाची रुजवात करून घ्यावी. सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केलेले आहे; तसेच जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्या लहान हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर वसूल करता येत नाही. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे, तो पाहून ठेवावा. गोष्ट त्यापुढे गेलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

अखेरीस टेंभुर्णीतील हॉटेलमालकांस एक विनंती. आपल्या घरी दुपारी जे शिजते तेच हॉटेलात एका फळ्यावर, रोजच्या रोज खडूने लिहून, दारात लावावे: आजची भाजी, आजची आमटी, गरम भाकरी आणि त्यांचे दर. मेनूकार्ड वाटल्यास राहू द्यावे, पण फळा त्याच्या आधी गिऱ्हाइकाच्या नजरेस पडेल असा टांगावा.